भोपाळच्या हापशांचे पाणी

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. जयप्रकाश नगर, काजी कॅम्प अशा लगतच्या वस्त्यांतली माणसे झोपेतून उठून पळाली आणि पळता पळता रस्त्यावर कोसळली. मृतांचा पहिला सरकारी आकडा 2,259 होता, पुढे तो पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. हवेचा हा गुन्हा साऱ्या जगाने पाहिला. पण भोपाळमध्ये आणखी एक गुन्हा घडत होता, तो पाण्याचा. आणि तो त्या रात्रीच्याही आधीपासून चालू होता.

कारखान्याने रासायनिक कचरा आवारातच पुरला, विषारी सांडपाणी जवळच्या तळ्यांत सोडले. ते झिरपत भूजलात गेले. 1999 मध्ये ग्रीनपीसने नमुने तपासले, तेव्हा आवारातल्या मातीत पारा आणि भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आढळले. अटल अयूब नगर, आरिफ नगर येथील गोरगरीब हेच हापशाचे पाणी पीत होते.

आपल्या मुलांना तहारतचा धडा देताना आपण सांगतो की पाण्याचा रंग, वास आणि चव पाहावी. पण काही विषांना यांपैकी काहीच नसते. ती ओळखायला प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेचा अहवाल सरकारला मान्य करायला लावण्यासाठी माणसे लागतात.

ती माणसे कोण होती? रशीदा बी या पडद्यात वाढलेल्या, लहानपणीच लग्न झालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाई. गॅसपीडित स्त्रियांसाठीच्या स्टेशनरी केंद्रात त्यांची चंपादेवी शुक्ला यांच्याशी गाठ पडली. 1986 मध्ये दोघींनी तिथे कामगार संघटना उभी केली. 1989 मध्ये मजुरीच्या मागणीसाठी या बायका भोपाळहून पायी दिल्लीला गेल्या. अब्दुल जब्बार यांची संघटनाही बहुतांशी स्त्रियांचीच होती आणि तिची साप्ताहिक सभा वर्षानुवर्षे भोपाळच्या एका बागेत भरत असे. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे विषाने पाहिले नव्हते. या बायकांनीही पाहिले नाही.

मे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून चिंगारी ट्रस्ट उभा राहिला आणि जन्मतः अपंग मुलांवर उपचार सुरू झाले. आदेश निघाला तरी नळ आपोआप आला नाही. 2006 मध्ये पीडितांना पुन्हा दिल्लीपर्यंत चालावे लागले.

जब्बारभाई 2019 मध्ये अल्लाहला प्यारे झाले. गोदामात साठवलेला सुमारे 337 टन कचरा 2025 मध्ये पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला, म्हणजे दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी! आणि पीथमपूरच्या लोकांनीही आपल्या हवापाण्याच्या काळजीने त्याला विरोध केला. जमिनीत मुरलेले विष मात्र तिथेच आहे.

आपले मोहल्लेही पुष्कळदा कारखाने, नाले आणि कचरा डेपो यांच्याच शेजारी असतात. धूर आणि घाण पाणी हे आपण नशीब समजून सोसतो. अक्षर न ओळखणाऱ्या बायकांनी अर्ज, अहवाल आणि न्यायालय यांची भाषा शिकून घेतली. मग शिकलेल्या आपण कशाची वाट पाहत आहोत?