शस्त्रक्रियेपूर्वीची पेशीपरीक्षा : एक ऐतिहासिक टिपण

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर चुडावा हे लहानसे स्थानक लागते. अशा गावातील रुग्णाच्या मानेत वा स्तनात गाठ आढळली, की निदानाचा प्रश्न पुष्कळदा प्रवासाचाच प्रश्न होऊन बसतो. गाठीचा तुकडा कापावयाचा, त्यावर संस्कार करावयाचे आणि अहवालासाठी रुग्णाने पुन्हा यावयाचे, हा क्रम दूरच्या माणसास जड जातो. तो टाळणारी रीत कशी सिद्ध झाली, हे पाहणे उद्बोधक आहे.

लंडनमध्ये १९२७ साली डजन व पॅट्रिक यांनी ताज्या अर्बुदाच्या खरवडीचे काचपट्टीवर लेपन करून त्वरित निदान करून दाखविले; पण तेथे शस्त्र आधीच चाललेले असे. १९३० मध्ये न्यूयॉर्क येथील मार्टिन व एलिस यांनी सुईने गाठीतील पेशी शोषून घेतल्या. सुईने रोग पसरेल, या भीतीमुळे आणि ऊतकाच्या छेदावाचून निदान न करण्याच्या विकृतिशास्त्रज्ञांच्या सवयीमुळे ही रीत मागे पडली. तिला नवे जीवन दिले ते स्वीडनमध्ये, १९५० नंतरच्या दशकांत, फ्रान्झेन, सोडरस्ट्रॉम, झायिचेक प्रभृतींनी. यांपैकी काहींची दृष्टी रक्तपरीक्षेत तयार झाली होती, ही गोष्ट आकस्मिक नव्हे : बारीक सुई, हवेत वाळविलेले लेपन आणि गीम्सा जातीचे रंजक ही रक्तपरीक्षेचीच सामग्री होय. छेदयंत्र नको, भूल नको. काही मिनिटांत पेशी दृष्टीस पडतात.

मात्र पद्धतीची मर्यादाही तिच्या स्वरूपातच आहे. अवटू ग्रंथीतील पुटकीय अर्बुद सौम्य की मारक, हे त्याचे आवरण भेदले गेले आहे काय यावरून ठरते. सुटलेल्या पेशी ते सांगू शकत नाहीत.

मराठवाड्याचा या इतिहासाशी संबंध एका निराळ्या, पण जवळच्या प्रश्नातून येतो. तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईची टाटा स्मारक संस्था यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ समूह पाडून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पेशीपरीक्षा, विषाणुचाचणी व आम्लद्रवाने प्रत्यक्ष पाहणी यांची तुलना झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकदाच केलेल्या विषाणुचाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. पेशीपरीक्षेच्या गटात लक्षणीय घट दिसली नाही.

यावरून गाठीतील सुईपरीक्षेला दोष देणे अयुक्त ठरेल; निरोगी दिसणाऱ्या समाजाची चाळणी आणि हाताला लागणाऱ्या गाठीचे निदान ही दोन भिन्न कार्ये आहेत. तथापि दोहोंतही काच स्वस्त असते, आणि ती वाचणारा डोळा घडविण्यास वर्षे लागतात. स्वस्त म्हणून ज्या पद्धतीची प्रशंसा होते, तिच्या हिशेबात हा खर्च क्वचितच धरलेला आढळतो.