रिव्हॉल्व्हरच्या घरात पिस्तूल

अमेरिकी पोलिसांच्या कमरेला अनेक दशकं रिव्हॉल्व्हरच असे. इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी १९६७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं ‘मॉडेल ३९’ हे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं, तो अपवादच.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. चकमकीतल्या बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होती. भर गोळीबारात ती पुन्हा भरणं जिकिरीचं. मग पोलिसखाती झपाट्यानं पिस्तुलाकडे वळली. गॅस्टन ग्लॉकचं, ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९८२ मध्ये स्वीकारलेलं सतरा गोळ्यांचं पिस्तूल बाजारात आलेलंच होतं.

पोलिसांमागोमाग सामान्य घरंही वळली आणि रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्या वडिलांना मुलीला पिस्तूल निवडून देताना नवी गोष्ट शिकवावी लागली. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये उरू शकते, आणि ती जीव घेते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं. खरेदीच्या वेळी गोळ्यांच्या संख्येपेक्षा याचीच चर्चा आधी व्हायला हवी.

कॅलिफोर्नियानं तर २००७ पासून नव्या सेंटरफायर पिस्तुलांना दोन अटी घातल्या: चेंबर भरल्याची खूण दिसावी आणि मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये.