बडोद्यातलं मॅट्रिकचं वेकेशन



परवा सोसायटीतल्या एका दहावीच्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी करिअर काउन्सेलर असायचे का?" मी हसून "छे गं" म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं की उत्तर चुकलं. एक होती, आणि ती आमच्याच घरात होती. पण ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बडोद्याच्या मराठी घरांत 'पोराचं पुढे काय' हा प्रश्न फार वर्षं पडतच नसे. आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते. मुलगा शिकला की टोपी घालून साहेबांपुढे उभा करायचा, अक्षर दाखवायचं, काम झालं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली सेंट्रल लायब्ररी सुरू केली. शिकायची सोय दारात आणि नोकरीही दारात!

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला आम्ही गुजरातेत आलो. वडील हिशेबाच्या खात्यात होते, त्यांची नोकरी टिकली. पण मुलांसाठी शब्द टाकावा असा साहेब काही राहिला नाही. त्यात भाषेचा घोळ. शाळा मराठी, बाजार गुजराती, इंग्रजी सुरू झालं ते आठवीत, आणि युनिव्हर्सिटीत सगळं शिकवणं इंग्रजीतून. म्हणजे अकरावी पास झालेल्या मुलाने तीन-चार वर्षांच्या इंग्रजीवर कॉलेजची जाडजूड पुस्तकं वाचायची!

ही दरी भरायला हाताशी काय, तर मॅट्रिकचं वेकेशन. (आम्ही बडोदेकर सुट्टी म्हणत नाही, वेकेशनच म्हणतो.) मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल. मधल्या अडीच महिन्यांत दांडिया बाजारातली मुलं पहाटे टायपिंगच्या क्लासला, दुपारी लायब्ररीत आणि रात्री ओटल्यावर. खरी चर्चा ओटल्यावर व्हायची. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली होती, खताचा कारखाना नुकताच चालू झाला होता. कोणाचा भाऊ तिथे लागला, काय शिकून लागला, पगार किती, हे सगळं तिथेच कळायचं. मुलांना कळायचं, हे मुद्दाम लिहितो. मुली ओटल्यावर बसत नसत.

माझी ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. १९६६ साली ती मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली. गणितात तर वर्गात पहिली. तिला सायन्सला जाऊन गणित घ्यायचं होतं. घरात कोणीही 'नाही' म्हटलं नाही. पण निकाल लागला तेव्हा आम्ही सगळे पुण्याला एका लग्नात, तिथून पुढे कोकणात. परतलो तेव्हा अर्जाची मुदत संपली होती. वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिचंच लग्न झालं. तिला कोणी अडवलं नाही, फक्त कोणी अर्ज आणला नाही. मुदत कधी संपते हेसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. पुण्याला निघण्याआधी मी रोज सायकलवर कमाटी बागेत खेळायला जात होतो. युनिव्हर्सिटी तिथून हाकेच्या अंतरावर. विचारून यावं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

१९६८ ला माझी मॅट्रिक झाली तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आल्या आल्या तिने विचारलं, "अर्ज कधी मिळतात, बघून आलास का?" नव्हतो गेलो. दुसऱ्या दिवशी तिने पाठवलंच. मला कलाभवनच्या इंजिनिअरिंगची ओढ होती. तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बाबा १९७२ मध्ये निवृत्त होणार. कॉमर्सला चार वर्षं, म्हणजे १९७२. इंजिनिअरिंगला त्याहून जास्त, आणि मधला खर्च कोणी करायचा? शिवाय माझे गणिताचे मार्क! तेही तिने शांतपणे लिहून दाखवले. मी दोन दिवस रुसलो. मग टायपिंगचा क्लास लावला. दुपारी ती मला इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावायची, अडलेले शब्द वहीत उतरवायला लावायची. ऑगस्टपर्यंत साडेचारशेच्या वर शब्द झाले. ती वही अजून आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सुमारे आठ हजार शाखा होत्या, दहा वर्षांत त्या तीस हजारांवर गेल्या. एवढ्या शाखांना माणसं लागणारच! १९७२ ला मी बी. कॉम. झालो आणि त्याच वर्षी बँकेत क्लार्क म्हणून लागलो. राष्ट्रीयीकरण होईल हे १९६८ मध्ये ताईला थोडंच माहीत होतं? तो नशिबाचा भाग. पण नशीब दारात आलं तेव्हा हातात डिग्री आणि टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, ते तिच्या हिशेबामुळे. २०११ मध्ये ऑफिसर म्हणून निवृत्त झालो.

मागच्या दिवाळीत ताईला विचारलं, "तुला वाईट वाटलं नाही का गं, माझ्यासाठी सगळं करताना?" ती म्हणाली, "वाटलं की. म्हणूनच तुला दुसऱ्याच दिवशी पाठवलं." आणि फराळाचं ताट पुढे सरकवलं.

आता त्या मुलीला सांगणार आहे. वेकेशनमध्ये हिंड, लग्नाला जा, आंबे खा. पण आधी तीन गोष्टी कागदावर लिही: कोणत्या कोर्सला किती वर्षं, घरचा पैसा कुठपर्यंत पुरेल आणि अर्जाची शेवटची तारीख. आणि घरात बहीण असेल तर तिची तारीखही लिही.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींनी आपापलं मॅट्रिकचं वेकेशन जरूर लिहावं. तुमच्या घरी अर्ज कोणी आणला होता, आणि कोणाचा आणायचा राहून गेला, तेही लिहा.