रुग्णालयातील पाणी आणि संशोधनाचा शोध

आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहातील नळाला पाणी नसेल तर बाळंतिणीला व नवजात अर्भकाला नेमका किती धोका संभवतो, हा प्रश्न साधा वाटतो. मात्र वाशीमसारख्या जिल्ह्यात पाण्याच्या टाकीसाठी निधी मागणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी द्यावे लागते. तो पुरावा जगभरच्या शोधनिबंधांत विखुरलेला आहे आणि तो शोधून काढणे हे स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे.

हाताच्या स्वच्छतेचा आणि बाळंतरोगाचा संबंध इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्येच दाखवून दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी पाण्याचे मान ठरविले. त्यानुसार बाह्यरुग्णामागे दर तपासणीस ५ लिटर, दाखल रुग्णास दररोज ४० ते ६० लिटर आणि प्रसूतीसाठी १०० लिटर पाणी लागते. प्रत्यक्षातील चित्र २०१५ च्या अहवालाने समोर आणले. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या ५४ देशांतील ६६ हजारांहून अधिक केंद्रांच्या त्या पाहणीत ३८ टक्के केंद्रांना सुधारित जलस्रोत उपलब्ध नसल्याचे आढळले. त्यानंतर २०१९ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने याविषयी ठराव संमत केला.

शोधाची सुरुवात बहुधा 'पबमेड'पासून होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. तेथील निबंधांना तज्ज्ञांनी ठरविलेल्या विषयसंज्ञा जोडलेल्या असतात. 'वॉटर सप्लाय', 'सॅनिटेशन', 'क्रॉस इन्फेक्शन' आणि 'हेल्थ फॅसिलिटीज' या संज्ञा येथे कामी येतात. समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडावेत आणि पाणी, आरोग्य केंद्र व स्थळ हे तीन गट 'अँड'ने एकत्र आणावेत, हा मूळ नियम होय. केवळ विषयसंज्ञांवर विसंबल्यास ज्यांना त्या अद्याप जोडलेल्या नाहीत असे ताजे निबंध निसटतात. म्हणून शीर्षक व सारांशातील शब्दही शोधावे लागतात.

खरी गुंतागुंत नावांची आहे. पाणी, स्वच्छता व आरोग्यसवयी यांसाठी 'वॉश' हे इंग्रजी लघुरूप रूढ आहे. त्याच्यापुढे तारांकन देऊन शोध घेतल्यास धुण्याच्या क्रियेपासून वॉशिंग्टन शहरापर्यंत सारे काही समोर येते. वाशीमचे इंग्रजी स्पेलिंगही त्याच अक्षरांनी सुरू होत असल्याने तेही त्या गर्दीत सापडते, हा योगायोग गमतीचा खरा, पण उपयोगाचा नाही. स्थळनामांची तऱ्हा याहून बिकट आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे तत्पूर्वीच्या पाहण्या 'अकोला' या नावाखालीच शोधाव्या लागतात. इंग्रजी अमलात 'बासिम' हा स्वतंत्र जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. त्या काळातील दप्तरांसाठी 'बासिम' व 'बेरार' हे शब्द हवेत. तालुक्याचे नाव घ्यावे तर 'करंजा' म्हणताच करंजाच्या तेलावरील निबंधांची रांग लागते आणि 'मालेगाव' म्हणताच नाशिक जिल्ह्यातील शहर पुढे येते. मंगरूळपीर आणि मानोरा यांचा तेवढा त्रास नाही.

संस्थांची नावेही काळानुसार बदलली. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे २०१८ नंतर 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०२३ मध्ये त्यांचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले. तिन्ही नावे शोधात न घेतल्यास एकाच इमारतीविषयीचा पुरावा तीन तुकड्यांत विभागला जातो.

पुष्कळशी माहिती शोधनिबंधांत येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ग्लोबल इंडेक्स मेडिकस'मध्ये आग्नेय आशियातील नियतकालिकांची सूची आहे, तर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. शासनाच्या 'कायाकल्प' योजनेत २०१५ पासून सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेचे गुणांकन होते. महालेखापरीक्षकांचे अहवालही पाहण्याजोगे असतात. निबंधलेखक सहसा त्यांच्याकडे वळत नाहीत, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हानिहाय आकडे असतात खरे, पण त्यातील पाणी व शौचालयाची माहिती घरांची असते, रुग्णालयांची नव्हे. हा भेद विसरून ते आकडे रुग्णालयांच्या नावावर खपविण्याचा मोह टाळायला हवा.

एवढे करूनही वाशीमवर थेट बेतलेला निबंध हाती लागेलच असे नाही. तेव्हा विदर्भातील, त्यानंतर कोरडवाहू व ग्रामीण भारतातील पाहण्यांकडे वळणे हाच मार्ग उरतो. मात्र 'निबंध सापडला नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावणे घातक आहे. निधीच्या बैठकीत नेमका तोच अर्थ लावला जाण्याचा संभव असतो. यासाठी कोणती सूची, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी धुंडाळली आणि किती निबंध का वगळले, याची नोंद ठेवावी लागते. 'प्रिझ्मा' या २००९ च्या व २०२० मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार ही नोंद अपेक्षित आहे.

वाशीममध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. जिल्ह्यातील प्रसूतिगृहे, त्यांचे नळ आणि उन्हाळ्यातील टँकर यांची पद्धतशीर पाहणी करण्यास आता दूरच्या संस्थेची वाट पाहावी लागणार नाही.