वाहतूक संकेत व वाहन-संवेदक

चौकाकडे येणाऱ्या किंवा चौकात थांबलेल्या वाहनाची चाहूल घेऊन ती वाहतूक-दिव्यांच्या नियंत्रकास कळविणाऱ्या प्रयुक्तीस ‘वाहन-संवेदक’ म्हणतात. बोलभाषेत ज्यास ‘सिग्नल’ म्हणतात, त्या वाहतूक संकेताचे संवेदकाच्या वापरावरून तीन प्रकार पडतात. स्थिरकाल संकेतात दिवे ठरलेल्या सेकंदांनी बदलतात व तेथे संवेदकाची गरज नसते. वाहनप्रेरित संकेतात वाहन आल्याचे कळल्यावरच त्या दिशेस हिरवा दिवा मिळतो. अनुयोजी संकेतात अनेक चौकांवरील वाहनांचा सतत अंदाज घेऊन संगणक हिरव्या दिव्याचा काळ कमीजास्त करतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत संवेदकाला जे वाहन जाणवत नाही, ते नियंत्रकाच्या लेखी रस्त्यावर नसतेच. मोटारसायकल, स्कूटर व सायकल यांच्या चालकांना हा अनुभव अनेक देशांत आलेला आहे. त्याचे मूळ नेहमीच यंत्राच्या बिघाडात असते असे नाही. ज्या देशांत हे यंत्र घडले, तेथील वाहतुकीच्या स्वरूपात ते बऱ्याच अंशी सापडते.

प्रारंभ : पहिला वाहतूक संकेत लंडनमध्ये ब्रिटिश संसदेजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभारण्यात आला. रेल्वे-संकेतांचा अनुभव असलेले जॉन पीक नाइट हे त्याचे योजक होते. दिवसा हलते दांडे व रात्री लाल-हिरवे गॅसदिवे अशी त्याची रचना होती आणि पोलीस शिपाई तो हाताने चालवीत असे. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला व हा प्रयोग थांबला. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात १९१४ मध्ये विजेवर चालणारे दिवे बसविण्यात आले. पुढे स्वयंचलित स्थिरकाल संकेतांचा प्रसार झाला. तथापि आडव्या रस्त्यावर एकही वाहन नसताना मुख्य रस्त्यावरील वाहनांना थांबावे लागे, हा त्यांचा दोष लवकरच जाणवू लागला.

या दोषावर १९२८ मध्ये अमेरिकेत दोन उपाय निघाले. बॉल्टिमोर येथील रेल्वे-संकेत अभियंते चार्ल्स ॲडलर यांनी खांबावर ध्वनिग्राहक बसविला. चालकाने त्याच्याजवळ भोंगा वाजविला की दिवा बदलण्याची क्रिया सुरू होई. चौकाचौकांत भोंग्यांचा गोंगाट होऊ लागल्याने हा उपाय फार टिकला नाही. याच सुमारास हेन्री हॉघ यांनी रस्त्यात बसविण्याचा दाब-संवेदक तयार केला. त्यातील धातूच्या दोन पट्ट्या चाकाच्या भाराने एकमेकींना टेकत व विद्युत् मंडल पूर्ण होई. ब्रिटनमध्ये रबरी नळीतील हवेच्या दाबावर चालणारे संवेदक १९३० नंतरच्या दशकात रूढ झाले. दाबावर चालणारे हे संवेदक चाक मोजत. दुचाकीचे चाक त्यांवरून गेले, तरी त्याची नोंद होण्यास तत्त्वतः अडचण नव्हती. मात्र रहदारीखाली पट्ट्या झिजत आणि रस्त्याच्या प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी त्या उखडून पुन्हा बसवाव्या लागत.

प्रवर्तन वेटोळे : ही झीज टाळणारा संवेदक १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी पुढे आला व तोच पुढे सर्वांत अधिक प्रचारात आला. रस्त्याच्या पृष्ठभागात करवतीने खाच पाडून तीत निरोधक आवरणाच्या तारेचे काही वेढे बसवितात आणि खाच बुजवितात. वेटोळ्याची बाजू अनेक ठिकाणी सु. १·८ मी. असते. तारेतून दर सेकंदास सु. १० हजार ते २ लाख आवर्तने असलेला प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. धातूचा विस्तृत पृष्ठभाग वेटोळ्यावर आला की, त्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात. त्यांचे चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्रास विरोध करते, वेटोळ्याची प्रवर्तकता घटते आणि आंदोलकाची कंप्रता वाढते. हा फरक नियंत्रकात ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर वाहन आले असे मानले जाते.

यावरून दिसेल की, वाहनाच्या वजनाचा येथे काही संबंध नाही. वाहन लोखंडाचेच असले पाहिजे असेही नाही. ॲल्युमिनियमसारखा कोणताही चांगला विद्युत् वाहक चालतो. दुचाकीला लोहचुंबक लावल्याने वा तिच्यावर भार वाढविल्याने दिवा बदलतो, हा समज म्हणूनच निराधार आहे. महत्त्व आहे ते धातूच्या पृष्ठभागाचा विस्तार, त्याची दिशा आणि रस्त्यापासूनची उंची यांना. मोटारीचा तळ आडवा, रुंद व जमिनीलगत असल्याने तिच्यामुळे प्रवर्तकतेत काही टक्के फरक पडतो. मोटारसायकलमुळे पडणारा फरक टक्क्याच्या काही दशांश भागांइतकाच असतो व सायकलमुळे त्याहूनही कमी.

दुचाकी कोठे उभी आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. वेटोळ्याच्या मध्यभागी चुंबकीय क्षेत्र उभ्या दिशेत असते व दुचाकीच्या उभ्या चाकाच्या प्रतलाला ते समांतर जाते. त्यामुळे चाकाच्या धातूच्या कड्यात प्रवाह जवळजवळ निर्माण होत नाही. तारेच्या नेमके वर मात्र क्षेत्र आडवे होते आणि तारेच्या रेषेत उभ्या केलेल्या चाकाला ते भेदून जाते. म्हणून शिस्तीने मार्गिकेच्या मधोमध थांबणारा चालक संवेदकाला कमी जाणवतो, तर खाचेच्या रेषेवर चाक ठेवणारा अधिक जाणवतो. संवेदकाची संवेदनशीलता हवी तितकी वाढविणे हाही निर्धोक उपाय नाही. शेजारच्या मार्गिकेतील ट्रकची चुकीची नोंद होऊ लागते व जवळच्या दोन वेटोळ्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात.

भारतातील परिस्थिती : वेटोळ्याचा प्रसार ज्या देशांत झाला, तेथे मोटार हेच प्रमुख वाहन होते आणि ते मार्गिका सोडत नसे. सिडनी येथे सिद्ध झालेली स्कॅट्स व ब्रिटनमधील स्कूट या अनुयोजी प्रणाली १९७० नंतरच्या दशकात याच गृहीतावर उभ्या राहिल्या. भारतात १९५१ मध्ये नोंदलेल्या सु. ३ लक्ष ६ हजार वाहनांपैकी दुचाकी केवळ २७ हजार होत्या. आज नोंदणीकृत वाहनांपैकी सु. तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. या बदलात पुणे परिसराचा वाटा मोठा आहे. आकुर्डी येथील बजाज कारखान्यात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर तयार होत असे; १९७१ मध्ये हा करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. कायनेटिक कंपनीची ‘लुना’ही त्याच वर्षीची. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे दुचाकींचे शहर झाले.

अशा वाहतुकीत वेटोळ्याकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली म्हणजे एकटी दुचाकी अजिबात न जाणवणे. दुसरी अधिक व्यापक आहे : लाल दिवा लागताच दुचाकी मोटारींमधील फटींतून पुढे सरकतात व एका मार्गिकेत तीन-चार शेजारी शेजारी उभ्या राहतात. वेटोळ्याला तो समूह एखादेच वाहन वाटतो. अनुयोजी संकेतात मोजलेल्या वाहनांच्या प्रमाणात हिरवा काळ वाटला जात असल्याने ज्या रस्त्यावर दुचाकी अधिक, त्याच्या वाट्याला वेळ कमी येण्याचा धोका राहतो. भारतीय रस्ते महासभेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी : १०६) दुचाकीचे मूल्य, वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार, मोटारीच्या ०·५ ते ०·७५ पट धरले आहे. कागदावरील हिशेबात अर्धे किंवा पाऊण मोजले जाणारे वाहन यंत्राच्या हिशेबात शून्य ठरू शकते.

मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाखाली २५३ चौक क्षेत्रीय वाहतूक नियंत्रण प्रणालीत आणण्यात आले. पुणे शहरातही स्मार्ट सिटी योजनेखाली २०२० नंतर अनुयोजी संकेत बसविण्यात आले. मार्गिकांची शिस्त नसलेल्या संमिश्र वाहतुकीसाठी सी-डॅक या संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘कॉसिकॉस्ट’ ही स्वतंत्र नियंत्रणपद्धती विकसित केली आहे.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर संमिश्र वाहतुकीचे सर्व नमुने एकत्र आढळतात. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात पियाजिओ कंपनीचा कारखाना असून तेथे ‘ॲपे’ ही तीनचाकी तयार होते. २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही तेथे बनते. व्हेस्पाचे अंग पोलादी पत्र्याचे असते, तर इतर अनेक स्कूटरांचे बाह्यांग प्लॅस्टिकचे असते. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन स्कूटर वेटोळ्याला सारख्याच जाणवतील असे नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर व बिजवडी येथील सहकारी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. बैलगाडीत बैल पुढे व धातूचा आस मागे असल्याने बैल थांबारेषेवर आले, तरी आस वेटोळ्याबाहेर राहू शकतो. याउलट दोन ट्रेलरांमधील मोकळ्या जागेमुळे एकाच ट्रॅक्टरची नोंद दोन-तीन वाहने म्हणून होऊ शकते.

इंदापूर तालुक्यातून पुणे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६५) जातो. पाटस–बारामती–इंदापूर या मार्गाने आषाढी वारीत संत तुकाराममहाराजांची पालखी जाते व तोही आता राष्ट्रीय महामार्ग (९६५ जी) आहे. अशा मोठ्या रस्त्यांना गावरस्ते येऊन मिळतात, तेथील प्रश्न शहरातील चौकाहून वेगळा असतो. तेथे अर्धप्रेरित संकेत, म्हणजे मुख्य रस्त्यास कायम हिरवा व गावरस्त्यास मागणीनुसार हिरवा दिवा, ही रचना सोयीची वाटते. पण गावरस्त्यावरून पहाटे येणारे वाहन बहुधा दूध घालायला निघालेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल असते. तिची नोंद झाली नाही, तर मागून एखादी मोटार येईपर्यंत थांबणे किंवा वेगवान महामार्ग लाल दिव्यावर ओलांडणे, एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे उरतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. वारीच्या दिवसांत तर पायी चालणारा जनसमुदाय कोणत्याच वेटोळ्याला जाणवत नाही. तेथे पोलिसांच्या हाती असलेले नियंत्रणच उपयोगी पडते.

उपाय : मधोमध आणखी एक तार घालून केलेले इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दुहेरी वेटोळे किंवा तिरकस तारांचे वेटोळे दुचाकींस अधिक संवेदनशील असते. मधल्या तारेवर क्षेत्र आडवे व तीव्र असते आणि बाजूच्या मार्गिकेचा परिणाम कमी होतो. थांबण्याची नेमकी जागा रस्त्यावर रंगवून दाखविणे हा स्वस्त उपाय अमेरिकेत सायकलींसाठी योजतात. कॅमेरा व रडार यांवर आधारित संवेदक धातूवर अवलंबून नसतात आणि रस्ता खणल्याने तुटत नाहीत. मात्र बसच्या आड राहिलेली दुचाकी कॅमेऱ्याला दिसत नाही व मुसळधार पावसात त्याची दृष्टी मंदावते. कोणतीही नोंद नसली, तरी ठरावीक काळाने प्रत्येक दिशेस थोडा वेळ हिरवा दिवा देणे, हा सर्वांत साधा उपाय होय. त्यात मुख्य रस्त्याचे काही सेकंद वाया जातात. पण कोणीही कायमचे अडकून पडत नाही.

कायदा : अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००२ मध्ये मोटारसायकल व सायकल चालकांस मर्यादित संरक्षण दिले. पूर्ण थांबून अवाजवी काळ वाट पाहिली, संवेदकाने नोंद घेतली नसल्याचे दिसत होते आणि रस्ता मोकळा होता, असा बचाव चालकास करता येतो. इतर काही राज्यांनी असेच नियम केले. कॅलिफोर्नियाने २००७ च्या कायद्याने वेगळी दिशा घेतली : नव्या संवेदकांनी सायकल व मोटारसायकल ओळखलीच पाहिजे, असे बंधन यंत्रणेवरच घातले. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ नुसार वाहतूक-चिन्हांचे पालन बंधनकारक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडण्याचा धोकादायक वाहनचालनात स्पष्ट समावेश झाला. न जाणवलेल्या दुचाकीसाठी त्यात अपवाद नाही. चौक ओलांडण्याचा धोका दुचाकीस्वारावर सोपविणाऱ्या सवलतीपेक्षा कॅलिफोर्नियाचा मार्ग येथे अधिक योग्य ठरेल. ज्या देशात बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, तेथे संवेदकाची कसोटी मोटारीवर न घेता सर्वांत लहान वाहनावर घेणे आवश्यक आहे.