सार्वजनिक कर्जरोख्यांचा पुनर्विमा

नगरपालिका, शाळामंडळे, पाणी व वीज प्राधिकरणे यांच्या कर्जरोख्यांवरील मुद्दल-व्याजाची हमी घेतलेली विमा कंपनी त्या हमीचा काही भाग, विमाहप्त्याच्या वाट्यासह, दुसऱ्या कंपनीवर सोपवते, तो करार. हा धंदा मुख्यतः अमेरिकेतला. तेथे 1971 मध्ये अलास्कातील जूनोच्या साडेसहा लाख डॉलरांच्या रोख्यांना अँबॅक कंपनीने पहिले विमासंरक्षण दिले. पुढे ऐंशीच्या दशकात एन्हान्स री, कॅपिटल री अशा केवळ पुनर्विमा करणाऱ्या कंपन्या निघाल्या.

कर्जदार थकला तरी विमा कंपनी सगळी रक्कम एकदम देत नाही. मूळ वेळापत्रकाप्रमाणे येणारे हप्ते भरत राहते. जोखीम अशी वीस-तीस वर्षे रेंगाळते, आणि पुनर्विमाकाराची पतही तितकी वर्षे टिकावी लागते.

नुकसान वाटून घेणे हा हेतू बराचसा नावापुरता. खरी निकड भांडवलाची. न्यूयॉर्क राज्याच्या 1989 च्या कायद्याने या कंपन्यांना हमीचाच धंदा करण्याचे बंधन घातले आणि एकाच कर्जदारापोटी किती जोखीम बाळगावी याची मर्यादा ठरवली. ती पुनर्विमा वजा जाता मोजतात. त्यामुळे एखाद्या मोठ्या शहराचे नवे रोखे घ्यायचे तर जुन्यांपैकी काही दुसऱ्याच्या गळ्यात घालणे सोयीचे पडे. पतमानांकन संस्थाही पुनर्विम्यापोटी भांडवलाच्या गरजेत सूट मान्य करत, पण पुनर्विमाकाराची पत पाहून. त्याचे मानांकन घसरले की सूटही घटे. 2008 मध्ये हेच झाले : पुनर्विमाकार आणि मूळ कंपन्या, दोघेही घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांच्या हमीत अडकले होते.

रोखेधारकाचा पुनर्विमाकाराशी थेट संबंध नसतो. मूळ कंपनी बुडाली तर पुनर्विम्याचा पैसा तिच्या सर्व धनकोंच्या वाटपात जातो. अपवाद थेट दाव्याच्या कलमाचा : त्याने रोखेधारकाला पुनर्विमाकाराकडेच मागणी करता येते. ऑगस्ट 2008 मध्ये एफजीआयसी या हमी कंपनीचे सुमारे 184 अब्ज डॉलरांचे रोखे पुनर्विम्याने घेण्याचे एमबीआयए या दुसऱ्या हमी कंपनीने जाहीर केले, त्यात हे कलम होते.

त्याआधी फेब्रुवारीत गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी अँबॅक, एमबीआयए व एफजीआयसी यांच्या 800 अब्ज डॉलरांच्या सार्वजनिक रोख्यांचा पुनर्विमा देऊ केला होता, उरलेल्या विमाहप्त्यांच्या दीडपट मोबदल्यात. दूध त्यांनी घ्यायचे आणि घरकर्जांचे शेण कंपन्यांकडे ठेवायचे, असा तो सौदा. कोणी स्वीकारला नाही.

गंमत अशी, की वर्षभरात एमबीआयएने स्वतःच तशी वाटणी केली. फेब्रुवारी 2009 मध्ये तिने अमेरिकी सार्वजनिक रोख्यांची सुमारे 537 अब्ज डॉलरांची जोखीम पुनर्विम्याद्वारे आपल्याच उपकंपनीकडे वळवली. ती पुढे ‘नॅशनल’ नावाने ओळखली जाऊ लागली. घरकर्जांच्या हमीपत्रांचे धारक असलेल्या 18 बँका, आपल्यामागचे भांडवल काढून नेले म्हणून, कोर्टात गेल्या. न्यूयॉर्कच्या विमा खात्याने मंजुरी दिलेली असूनही शेवटच्या बँकांशी तडजोड व्हायला मे 2013 उजाडला.