विद्यापीठाच्या सभेंतील दोन प्राध्यापक

ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं गांवें १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. तेथील घरोघरीं पदव्या आहेत. परंतु अभ्यासक्रम कोण ठरवितो, सभेंत कोण बसतो, याची विचारपूस क्वचितच होते. या प्रश्नावर एके काळीं दोन थोर महाराष्ट्रीय प्राध्यापक परस्परांविरुद्ध उभे राहिले होते.

त्यांतील पहिले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मालवणास १८३७ सालीं जन्मलेले भांडारकर १८६२ सालच्या, विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक. न्यायमूर्ति रानडे हे त्यांचे सहाध्यायी. रत्नागिरीस हेडमास्तरकी, पुढें एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजांत संस्कृतचें अध्यापन, असा क्रम करून ते १८९३ सालीं निवृत्त झाले आणि ज्या विद्यापीठानें त्यांना पदवी दिली त्याचेच कुलगुरु झाले.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. १९०२ पर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत होते.

लॉर्ड कर्झन यांनीं विद्यापीठांचें बिल आणलें, तेव्हां दोघेहि वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद होते. त्या वेळीं फेलोची नेमणूक तहहयात असे आणि ती पुष्कळदां केवळ मान म्हणून दिली जाई. विद्यापीठाचा कारभार विद्याव्यासंगी मंडळींच्या हातीं यावा, म्हणून भांडारकरांनीं बिलास पाठिंबा दिला. गोखल्यांनीं कसून विरोध केला. सरकारनियुक्तांचें बहुमत झालें कीं विद्यापीठ हें सरकारचें एक खातेंच होईल, ही त्यांची भीति.

१९०४ सालीं कायदा झाला. फेलोची मुदत पांच वर्षें ठरली. संख्या शंभरांवर जाऊं नये असें ठरलें. परंतु निवडून येणारे वीसच, बाकी बहुतेक सरकारनें नेमलेले. भांडारकरांना हवी असलेली शिस्त आली, तशी गोखल्यांची भीतिहि खरी ठरली.

दोघांचाहि हेतु शुद्ध होता. विद्वत्तेवांचून कारभार आंधळा होतो, हें एकानें ओळखलें. स्वातंत्र्यावांचून विद्वत्ता पंगु होते, हें दुसऱ्यानें. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें नोंदणी केलेल्या पदवीधरांना अधिसभेवर दहा प्रतिनिधि निवडून देण्याचा हक्क दिला आहे. भिंतीवर टांगलेल्या पदवीला हा हक्क आपोआप चिकटत नाहीं. त्यासाठीं पदवीधरानें स्वतः नांव नोंदवावें लागतें. तेवढें जरी ठाण्या-कल्याणच्या घरांतून झालें, तरी त्या दोन प्राध्यापकांचा वाद व्यर्थ गेला नाहीं, असें म्हणतां येईल.